पाठीचे दुखणे आणि लाल डोळा

2023 सालचा पावसाळा. त्या साली महाराष्ट्रात गावोगाव डोळ्यांची साथ आली होती. आमच्याही गावात घरटी एकाचे तरी डोळे आलेले. जो तो काळा चष्मा लावून हिंडे. शाळेतली पुष्कळ मुले घरी बसली होती.

अशात एका सकाळी आमचा एक जुना विद्यार्थी अंगणात आला. वय बत्तीसच्या आसपास. तालमीत घुमलेला गडी. ऊसतोडणीला एकटा दोघांचे काम करणारा. त्याने डाव्या डोळ्यावर रुमाल धरला होता. उन्हाकडे पाठ करून तो उभा राहिला.

"गुरुजी, डोळा आला बघा. लई ठणकतोय."

"मग इकडे कशाला आलास?" आम्ही ओट्यावरूनच म्हणालो. "घरी बस. गुलाबपाण्याने धू. दुसऱ्यांना लागेल."

तो गेला. आम्ही पुन्हा वर्तमानपत्र उघडले.

आज ते आठवले की आम्हाला वाईट वाटते. त्याला साथीचे डोळे आलेच नव्हते. त्याचा एकच डोळा लाल होता. डोळ्यात चिपडे नव्हती. उजेड त्याला सोसत नव्हता, म्हणून तर तो पाठमोरा उभा राहिला होता. हे सारे आमच्या समोर होते. पण साथ चालू होती आणि आम्ही नीट पाहिले नाही.

पुढे काय झाले ते सांगतो. त्याने औषधाच्या दुकानातून थेंब आणले. आठ दिवस घातले. उतार पडला नाही. कोणी सांगितले, बाळंतिणीचे दूध घाल. तेही घातले. कोणी मध सांगितला. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या माणसाचे तोंडसुद्धा त्या डोळ्याला धुरकट दिसू लागले. तेव्हा घरच्यांनी त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले.

तेथे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. डोळ्यात उजेडाची बारीक फट सोडली. बराच वेळ पाहिले. मग विचारले,

"तुमची पाठ दुखते का?"

गडी चकित झाला. डोळा दाखवायला आलो आणि बाई पाठीचे विचारतात!

"दुखती की बाई. आठ वर्षं झाली."

"कधी जास्त दुखते? काम करताना, की सकाळी उठल्यावर?"

"सकाळी. पहाटंच जाग येती. उठाय येत न्हाई, पाठ लाकडावानी होती. मग हिंडलं-फिरलं, कामाला लागलं, की मोकळं वाटतं."

बाईंनी मान हलवली. कमरेचा एक्स-रे काढावयास सांगितला. आजार एकच होता. तो पाठीत होता आणि डोळ्यातही होता.

पाठीचा आजार

पाठ कोणाची दुखत नाही? ओझे उचलले, दिवसभर वाकून भांगलण केली, की पाठ दुखतेच. ते दुखणे श्रमाचे. रात्री आडवे झाले की ते उतरते. आम्ही सांगतो आहोत ते दुखणे याच्या उलटे आहे. ते विसाव्याने वाढते आणि हालचालीने कमी होते. ही एकच खूण ध्यानात राहिली तरी पुष्कळ झाले.

हे दुखणे तरुणपणी लागते. बहुधा विशीत किंवा तिशीत. पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले क्वचितच आढळते. ते एकदम येत नाही, हळूहळू येते आणि महिनेन् महिने टिकते. पहाटेची झोप मोडते. सकाळी अर्धा-अर्धा तास पाठ वाकत नाही. कधी डाव्या कुल्ल्यात कळ येते, कधी उजव्या. पुरुषांत हा आजार अधिक ओळखला जातो, पण बायकांनाही होतो. बायकांची पाठदुखी बाळंतपणावर ढकलून आपण मोकळे होतो, म्हणून ती ओळखू येत नाही इतकेच.

याचे नाव लांब आहे: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मणक्यांचा संधिवात म्हटले तरी चालेल. आपल्याकडे मान दुखली तरी लोक 'स्पॉन्डिलायटिस झालाय' म्हणतात आणि गळ्यात पट्टा बांधतात. ती बहुधा वयाची झीज असते. तिचा आणि याचा संबंध नाही. एका नावाने दोन आजार ओळखल्यामुळे फार घोटाळा होतो.

या आजारात माकडहाडाच्या वर, कंबर आणि कुल्ले जेथे जुळतात तेथल्या सांध्यांना आधी सूज येते. मग सूज मणक्यांत चढते. पुष्कळ वर्षांनी काही रोग्यांच्या दोन मणक्यांमध्ये नवे हाड धरते आणि मणके एकमेकांस जुळून जातात. एक्स-रेमध्ये असा कणा पेरापेराच्या कळकासारखा दिसतो. डॉक्टरही त्याला बांबूच म्हणतात. असा माणूस पुढे वाकतो आणि त्याला मान वळवून मागे पाहता येत नाही. सर्वांचे असे होत नाही. वेळेवर उपचार आणि रोजचा व्यायाम असेल तर पुष्कळ जण ताठ राहतात.

रशियातील बेख्तेरेव नावाच्या डॉक्टरांनी 1893 साली या आजाराचे वर्णन केले. युरोपात काही ठिकाणी तो अजून त्यांच्याच नावाने ओळखतात.

हा आजार कशाने होतो? आपल्या रक्तात राखणदार आहेत. बाहेरून जंतू आले की ते त्यांना मारतात. या आजारात राखणदारांची ओळख चुकते. चोर समजून ते घरच्याच माणसांवर काठी उगारतात. जेथे मार बसतो तेथे सूज येते. सांध्यात बसला तर सांधा सुजतो. डोळ्यात बसला तर डोळा.

1973 साली लंडनच्या आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांना एक गोष्ट आढळली. असा आजार असलेल्या बहुतेकांच्या रक्तात एक विशिष्ट खूण असते. तिचे नाव एचएलए-बी 27. ही खूण आईबापांकडून येते. पण एक सांगून ठेवतो. खूण आहे म्हणजे आजार होणारच, असे नव्हे. ती असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार जन्मात होत नाही. तेव्हा सोयरीक जमवताना कोणी रक्ताचा कागद मागू नये! ही खूण म्हणजे डॉक्टरांच्या हातातला केवळ एक पुरावा. पाठीची हकीकत, एक्स-रे आणि ही खूण, सारे मिळून ते निदान करतात.

डोळ्यात काय होते

द्राक्षाचे साल काढून पाहिले आहे का? आतला गर कसा ओला, तुकतुकीत दिसतो. डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत तसाच एक गडद रंगाचा थर असतो. त्याचे डॉक्टरी नाव लॅटिन भाषेतल्या द्राक्षाच्या शब्दावरूनच पडले आहे. त्या थराचा पुढचा भाग आपल्याला बाहेरून दिसतो. आपण त्याला बुबुळ म्हणतो. बुबुळाच्या मधोमध भोक असते, ती बाहुली. बाहुलीच्या मागे भिंग असते.

या थराला सूज आली म्हणजे तिला युव्हायटिस म्हणतात. पाठीच्या या आजारात बहुधा पुढच्या भागाला, म्हणजे बुबुळालाच सूज येते. साधारण चार रोग्यांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होते. आजार जितका जुना, तितकी शक्यता वाढत जाते. काहींचा तर डोळाच आधी लाल होतो आणि पाठीचा आजार त्यामुळे उघडकीस येतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाठीचे विचारले.

आता साथीचे डोळे आणि हा डोळा यांत फरक कसा करावयाचा? साथीच्या डोळ्यात चिकट घाण येते. सकाळी पापण्या चिकटतात. वाळू गेल्यासारखे खुपते. आज एक डोळा आला की उद्या दुसरा येतो, आणि मग घरातल्या साऱ्यांचे येतात. पण घाण पुसली की बहुधा नीट दिसते.

युव्हायटिसमध्ये बहुधा एकच डोळा धरतो. एक-दोन दिवसांत लाल होतो. लाली बुबुळाच्या कडेने कड्यासारखी अधिक गडद असते. पाणी गळते, पण चिपडे येत नाहीत. डोळ्याच्या आत खोल ठणका लागतो, तो भुवईपर्यंत चढतो. उजेड भाल्यासारखा टोचतो. इतका की चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली तरी दुखरा डोळा दुखतो. नजर धुकट होते. कधी दुखऱ्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा बारीक दिसते. आणि हा कोणाला लागत नाही. त्याच्या शेजारी बसा, त्याच्या ताटात जेवा, काही होत नाही. आम्ही त्या गड्याला उगाच हाकलले.

डोळा लाल आहे, फार दुखतो आहे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होत आहेत, असे असेल तर तो आणखी निराळा आजार असू शकतो. डोळ्यातला दाब एकदम चढलेला असतो. तेथे तर रात्रही काढू नये.

आता उशीर झाला तर काय होते ते ऐका. सुजलेल्या बुबुळातून चिकट द्रव सुटतो. पतंगाला कागद खळीने चिकटवतात ना, तसे ते बुबुळ मागच्या भिंगाला चिकटते. मग बाहुली नीट उघडमीट करीत नाही. तिचा गोल मोडतो. ती सगळ्या बाजूंनी चिकटली तर डोळ्यातले पाणी पुढे जाण्याची वाटच बंद होते. पाटात बोळा बसला की पाणी तुंबते, तसा डोळ्यातला दाब वाढतो. हा काचबिंदू. त्याने गेलेली नजर परत येत नाही. सूज वारंवार आली किंवा फार दिवस राहिली तर मोतीबिंदू लवकर होतो, आतल्या पडद्यालाही सूज येते. आमच्या विद्यार्थ्याची बाहुली दोन जागी चिकटली होती.

उपचार

उपचार आहे आणि चांगला आहे. वेळेवर झाला तर बहुतेकांचा डोळा पूर्वीसारखा होतो.

दोन तऱ्हेचे थेंब देतात. पहिले सूज उतरवणारे. हे स्टेरॉइड जातीचे असतात. सुरुवातीस जागेपणी दर तासालाही घालावे लागतात. मग डॉक्टर सांगतील तसे सहाचे चार, चाराचे तीन करीत हळूहळू कमी करतात. याला महिना-दीड महिना लागतो. येथेच आपली माणसे चुकतात. चार दिवसांत लाली गेली की बाटली फळीवर जाते. लाली गेली तरी आतली सूज गेलेली नसते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्या हनुवटी टेकवायच्या यंत्रातूनच दिसते. हे यंत्र स्वीडनचे डॉक्टर गुलस्ट्रांड यांनी 1911 साली पुढे आणले. थेंब मध्येच सोडले की सूज दुणावून येते.

दुसरे थेंब बाहुली मोठी करणारे. त्यांनी बुबुळ आखडायचे थांबते, ठणका कमी होतो आणि बाहुली भिंगाला चिकटत नाही. यांपैकी एका औषधाचे नाव अट्रोपीन. तुम्हाला नवल वाटेल, बांधावरच्या धोतऱ्यातही हेच विष असते. भांगलताना धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होऊन डोळा दिपतो, हे काहींनी अनुभवलेही असेल. म्हणून कोणी धोतरा डोळ्यात पिळू नये! औषधात ते मोजून, निर्मळ करून घातलेले असते. हे थेंब चालू असताना जवळचे नीट दिसत नाही आणि ऊन सोसत नाही. तेवढे दिवस मोटारसायकल चालवू नये. लहान मुलांच्या हाती ती बाटली लागू देऊ नये.

थेंब घालायची रीतही सांगतो. हात धुवावेत. लेबलावर लिहिले असेल तर बाटली चांगली हलवावी, कारण औषध तळाशी बसलेले असते. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

हे स्टेरॉइडचे थेंब फार गुणाचे आणि तितकेच धोक्याचे. अमेरिकेत 1948 साली डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सोबत्यांनी कॉर्टिझोन हे औषध संधिवाताच्या रोग्याला प्रथम दिले. 1950 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत या जातीची औषधे डोळ्यांसाठी आली. त्याआधी बाहुली मोठी करायची, शेक द्यायचा आणि वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. कितीकांचे डोळे तेव्हा गेले असतील!

धोका असा. हे थेंब मनाने घालत राहिले तर काही लोकांच्या डोळ्यांतला दाब चढतो. तो दुखत नाही, कळत नाही. कळतो तेव्हा नजर गेलेली असते. आणखी एक. उसाचे पान किंवा भाताचे टरफल लागून डोळ्यात जखम झाली असेल, तिच्यात बुरशी धरली असेल, तर हाच थेंब डोळ्याचा नाश करतो. तेव्हा आपली उरलेली बाटली शेजाऱ्याला देणे हा धर्म नव्हे. लाल डोळा म्हणून दुकानदाराने दिलेले थेंबही मुकाट घालू नयेत. त्यात काय आहे ते विचारावे. आणि दूध, मध, मूत्र, पानांचा रस यांतले काहीही डोळ्यात जाऊ नये. आम्ही सांगितलेले गुलाबपाणीसुद्धा नको.

डॉक्टर कधी छातीचा फोटो आणि रक्त तपासावयास सांगतात. त्याचा राग मानू नये. क्षयासारख्या इतर रोगांनीही डोळ्याला अशी सूज येते. ते नाहीत ना, हे पाहावे लागते.

डोळा बरा झाला तरी पाठीचा आजार उरतोच. त्यासाठी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या असतात, त्या जेवणानंतर आणि त्यांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या. रोज व्यायाम हवा. पोहणे फार चांगले. विडी-सिगारेट सोडावी, तिने हा आजार वाढतो. गोळ्यांनी भागले नाही तर आता नव्या जातीची इंजेक्शनेही आहेत. ती महाग असतात, आणि देण्यापूर्वी अंगात क्षय लपलेला नाही ना हे तपासावे लागते. यांतल्या काही इंजेक्शनांनी डोळ्याचे झटके पुष्कळ कमी होतात, काहींनी तितके होत नाहीत. म्हणून पाठीच्या डॉक्टरांना डोळ्याची हकीकत सांगितलीच पाहिजे. डोळ्याच्या डॉक्टरांना पाठीची. दोन डॉक्टरांचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत.

हा डोळ्याचा झटका पुन्हा येऊ शकतो. कधी सहा महिन्यांनी, कधी पाच वर्षांनी, कधी त्याच डोळ्याला, कधी दुसऱ्या. आमच्या विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा आला तो 2025 सालच्या जानेवारीत, भोगीच्या दिवशी. या वेळी उजवा डोळा. संध्याकाळी त्याला दिव्याचा उजेड टोचू लागला. लाली अजून नीट आलीही नव्हती. पण एकदा भोगलेला माणूस. घरात तीळ भाजणे चालले होते. म्हातारी म्हणाली, "उद्या सण हाय, परवा जा." त्याने ऐकले नाही. संक्रांतीच्या पहाटेच्या एस.टी.ने तो जिल्ह्याला गेला. जुने कागद पिशवीत होतेच. त्याच दिवशी थेंब सुरू झाले. दीड महिना त्याने एक वेळ चुकवली नाही. बायको घड्याळ लावून थेंब घाली. तो डोळा स्वच्छ बरा झाला. डाव्या डोळ्याला मात्र वर्तमानपत्राचा मथळा तेवढा दिसतो, खालची बारीक बातमी दिसत नाही.

तुमच्या गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणारे कोण असते आणि ते कोणत्या वारी येतात, हे आधीच विचारून ठेवा. ते नसतील तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. तेथे गेल्यावर नुसते 'डोळा आला' म्हणू नका. एकच डोळा आहे, उजेड सोसत नाही, धुकट दिसते, आणि सकाळी पाठ आखडते, असे सगळे सांगा. अंगावर खवल्यांचे चट्टे असतील किंवा वारंवार जुलाब होत असतील तर तेही सांगा. त्यांचाही या आजाराशी संबंध असतो.

त्या गड्याला एक धाकटा भाऊ आहे. वय बावीस. ट्रॅक्टर चालवतो. गेल्या महिन्यात दोघे आमच्याकडे आले होते. धाकटा ओट्यावर बसला आणि उठताना कमरेला हात लावून उठला. आम्ही विचारले, "काय रे, कधीपासून?"

"वरीस झालं गुरुजी. ट्रॅक्टरच्या धक्क्यानं असंल."

"सकाळी जास्त, की संध्याकाळी?"

त्याने भावाकडे पाहिले. भाऊ म्हणाला, "सकाळी."

दोघे जिल्ह्याला जाऊन आले. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. सुरुवातीला दिसत नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि एम.आर.आय. काढावयास लिहून दिले. त्याची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. डोळ्याचे काय, ते थोरल्याने त्याला वाटेतच समजावून ठेवले आहे.